वहन तपासणीचं किट: जोडणी चोख, हायपोची मात्र बनवाबनवी

मिठाचा खडा वीज वाहत नाही, पण तेच मीठ वितळलं किंवा पाण्यात विरघळलं की वाहतं. दहावीच्या मुलांना हे दाखवण्यासाठीचं हे किट. डब्यात 9 व्होल्टच्या बॅटरीची क्लिप, लाल एलईडी, 470 ओहमचा रेझिस्टर, रबरी बुचात बसवलेल्या दोन कार्बन कांड्या, प्लास्टिकचा बीकर आणि मीठ, साखर, मोरचूद (कॉपर सल्फेट), हायपो (सोडियम थायोसल्फेट) यांच्या पुड्या.

जोडणी विचार करून केलेली आहे. एलईडी साधारण 2 व्होल्ट खाते आणि मिठाच्या पाण्याचं विघटन व्हायलाच वर 2 व्होल्टहून थोडे जास्त लागतात. म्हणून दोन पेन्सिल सेलवर अशी जोडणी पेटत नाही, 9 व्होल्टवर पेटते. कांड्या एकमेकींना चिकटल्या तरी रेझिस्टरमुळे 15 मिलिअँपिअरच्या आसपासच प्रवाह जातो. काही जळत नाही.

एलईडी फार हळवी असते, हा तिचा गुण आणि तोच दोष. नळाच्या पाण्यातही ती मिणमिणते, त्यामुळे साखरेचं पाणीही ‘पास’ होतं. पंपावर किंवा बॅटरीवाल्याकडे मिळणारं डिस्टिल्ड वॉटर घ्या. उलट, मीठ बऱ्यापैकी पडलं की रेझिस्टरच प्रवाह अडवतो आणि चमचाभर काय नि चार चमचे काय, उजेड सारखाच दिसतो. फरक दाखवायचा असेल तर मध्ये मल्टिमीटर 20 मिलिअँपिअरवर लावा आणि 100 मिली पाण्यात मीठ चिमटीचिमटीने टाका. मोरचूद शेवटी घ्या. ऋण कांडीवर तांब्याचा लालसर थर बसतो. पॉलिश पेपरने घासल्याशिवाय ती कांडी दुसऱ्या द्रावणात घालू नये.

मुंबईत खरी पंचाईत जुलैत. हवेची आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि कणांवर खारट पाण्याचा पातळ थर धरतो. मग ‘कोरड्या’ मिठात कांड्या खुपसल्या की एलईडी पेटते आणि वर्गासमोर फजिती होते. मीठ तव्यावर पाचेक मिनिटं परतून, सिलिका जेलची पुडी टाकलेल्या घट्ट डब्यात गार करा. सैंधवाचा मोठा खडा त्याहून बरा, कारण ओल धरायला पृष्ठभाग कमी. माहितीपत्रकात याबद्दल अवाक्षर नाही.

आता हायपो. ‘वितळलेली अवस्था’ म्हणून पत्रक हायपो गरम पाण्यात धरलेल्या परीक्षानळीत वितळवायला सांगतं. 48 अंशांच्या आसपास तो पातळ होतो, एलईडी झकास पेटते, टाळ्याही पडतात. पण हायपोच्या स्फटिकात वजनाचा 36 टक्के भाग पाणीच असतं. तो आपल्याच स्फटिकजलात विरघळतो. म्हणजे दाखवलं ते पुन्हा द्रावणच, नाव मात्र वितळण्याचं. एवढ्यासाठी दोन तारे कापले.

मीठ स्पिरिटच्या दिव्यावर वितळवू, असं कुणाच्या मनात आलं तर 801 अंश लागतात हे आठवावं. तिथवर पोचण्याआधी साधी काचेची नळीच लोळागोळा होईल. पुस्तकी लेड ब्रोमाइड विषारी, शाळेत नकोच. झिंक क्लोराइड 290 अंशांना वितळतं: छोट्या चिनी मातीच्या मुशीत, बर्नरवर, फ्यूम हूडखाली, चष्मा घालून आणि फक्त शिक्षकांनी. धन कांडीवर क्लोरीन सुटतो, त्यामुळे कांड्या काही सेकंदच बुडवायच्या. हेही मीठ ओल धरणारं, बाटली उघडी राहिली की घन अवस्थेतच एलईडी पेटवेल. त्याचा द्रव तसा मंदच वाहक, टॉर्चचा बल्ब त्यावर पेटणार नाही. इथे एलईडीचा हळवेपणा कामी येतो.

विद्युत भाग एवढाच हवा असेल तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एलईडी, रेझिस्टर आणि क्लिप सुटी मिळते, कार्बन कांड्या संपलेल्या साध्या सेलमधून निघतात. घन आणि द्रावण या दोन अवस्थांपुरतं किट घ्यायला हरकत नाही. हायपोची पुडी बाजूला ठेवा.