टेलि-मानस १४४१६ : स्किझोफ्रेनियाची शंका असेल तर ही हेल्पलाइन कितपत कामाची?

विशीतला मुलगा कॉलेज सोडून खोलीत कोंडून घेतो, एकटाच पुटपुटतो, शेजारचे पाळत ठेवतात म्हणतो. घरच्यांना पहिला फोन कुणाला करायचा तेच सुचत नाही. त्या पहिल्या फोनसाठी केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा चांगली आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून ती सुरू आहे. निदान मात्र तिथे होत नाही, आणि होऊही नये.

१४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो. सुरुवातीला भाषा विचारतात, तिथे मराठी निवडा. फोन समुपदेशक घेतात, ते डॉक्टर नसतात. गरज दिसली तर ते मानसोपचारतज्ज्ञाकडे जोडून देतात किंवा प्रत्यक्ष तपासणीसाठी कुठे जायचं ते सांगतात. आजारी माणसानेच बोलायला हवं असं नाही, आईवडिलांनी फोन केला तरी चालतो. स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजारात ही फार मोठी सोय आहे, कारण आपल्याला काही झालंय हे बऱ्याच रुग्णांना पटतच नाही.

घोडं अडतं ते वर्णनापाशी. 'विचित्र वागतो, चिडचिड करतो' एवढंच सांगितलं तर सल्लाही ताणतणावाचाच मिळतो. म्हणून आधी वहीत लिहून काढा, आणि स्वतःचा निष्कर्ष न लिहिता जे पाहिलं-ऐकलं तेच लिहा : '१२ तारखेपासून पहाटे तीनपर्यंत जागा. टीव्ही बंद केला, म्हणाला बातम्या देणारी बाई माझ्याबद्दल बोलते. भाजीत काहीतरी घातलंय म्हणून ताट सरकवलं. आठ दिवसांत एकदाच अंघोळ.' या चार ओळींत भ्रम (खोटी पण ठाम समजूत), संशय, झोप आणि स्वतःकडे होणारं दुर्लक्ष सगळं आलं. शेवटची ओळ लोक हमखास गाळतात. बोलणं आटणं, चेहऱ्यावर भाव न उमटणं, कशातच रस नसणं ही या आजाराची लक्षणं असू शकतात, पण घरात त्यांना आळस म्हटलं जातं.

सुरुवात कधी झाली ते जरूर सांगा. आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीच्या निकषांत लक्षणं किमान महिनाभर असावी लागतात. डीएसएम-५ या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत महिनाभर ठळक लक्षणं आणि एकूण त्रास किमान सहा महिन्यांचा लागतो. त्यामुळे पहिल्या भेटीत डॉक्टरांनी आजाराचं पक्कं नाव सांगितलं नाही, तर ती टाळाटाळ समजू नका. उपचार त्याआधीही सुरू होतात. गांजा, दारू, फिट्स, डोक्याला मार यांतलं काहीही लपवू नका, चित्र सगळं बदलतं. देवाच्या जागरणात अंगात येऊन थोड्या वेळाने माणूस पूर्ववत होत असेल, तर तेही तसंच सांगा. समाजात रूढ असलेला असा अनुभव एवढ्यावरून आजार ठरत नाही.

सेवेची मर्यादा इथेच आहे. स्किझोफ्रेनिया दाखवणारी रक्ताची चाचणी नाही. थायरॉइड, बी-१२, साखर आणि गरजेनुसार एमआरआय किंवा ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) करतात ते दुसरी कारणं वगळण्यासाठी. हे फोनवर होणार नाही. ताप असेल, काही तासांतच माणूस बरळू लागला असेल, दिवस-वेळ कळेनाशी झाली असेल, तर हेल्पलाइनवर वेळ घालवू नका, थेट जनरल हॉस्पिटलच्या अपघात विभागात न्या. जिवाला धोका वाटला तर १०८ किंवा ११२.

प्रत्यक्ष तपासणीसाठी महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. ओपीडीत जाणं म्हणजे दाखल होणं नव्हे. जाताना ती वही, जुने कागद आणि चालू असलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या बरोबर न्या, आणि रोज त्याच्यासोबत राहणारं माणूस सोबत असू द्या.