कॉम्पॅक्ट घ्यावा की प्राथमिक मिररलेस?

सोनीचा आरएक्स१०० मार्क ७ (लेन्स न बदलता येणारा छोटा, कॉम्पॅक्ट कॅमेरा) आणि कॅननचा ईओएस आर५० (लेन्स बदलता येणारा, नवशिक्यांसाठीचा मिररलेस कॅमेरा) यांतून निवड करताना बहुतेक ग्राहक सेन्सरच्या, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या भागाच्या आकारावर येऊन थांबतात. कॅननचा सेन्सर २२.३ × १४.९ मिमी आणि सोनीचा १३.२ × ८.८ मिमी, म्हणजे क्षेत्रफळात जवळपास तिपटीचा फरक आहे. परंतु कॅननसोबत मिळणाऱ्या १८-४५ मिमी लेन्सचे अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचे छिद्र, एफ/४.५ पेक्षा मोठे होत नाही, तर सोनीची लेन्स एफ/२.८ पर्यंत उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे), त्यामुळे मंद प्रकाशात वाइड अँगलने छायाचित्र घेताना मोठ्या सेन्सरचा लाभ जवळजवळ पूर्णपणे नाहीसा होतो. ही बाब खरेदीपूर्वी प्रत्येकाला ठाऊक असायलाच हवी. शिवाय सुमारे ३०० ग्रॅमच्या सोनीत २४ ते २०० मिमी समतुल्य (३५ मिमी फिल्म कॅमेऱ्याच्या हिशेबाने) झूम आहे. कॅननची ही लेन्स त्याच हिशेबाने ७२ मिमीवरच थांबते.

मात्र आर५० ला ५० मिमी एफ/१.८ लेन्स जोडली की चित्र पालटते: घरातल्या अपुऱ्या उजेडातही चेहरे स्वच्छ येतात आणि पार्श्वभूमी मृदू होते, जे कॉम्पॅक्टला साधत नाही. म्हणून दुसरी लेन्स घेण्याची खरोखर तयारी असेल, तरच मिररलेस घ्यावा. प्रवासासाठी एकच कॅमेरा हवा असल्यास माझी पसंती निःसंशय कॉम्पॅक्टला आहे.