येऊरची पायवाट की गॅलरीतली कुंडी?

दिवसा उडणारे पतंग (फुलपाखरांचे भाऊबंद कीटक) आणि ते ज्यांवर येतात ती फुलं नोंदवायला ठाण्यात दोन सोपे मार्ग आहेत. येऊरच्या जंगलात भटकत दिसेल त्याचा फोटो आयनॅचरलिस्टवर (निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर) टाकायचा, नाहीतर घरच्याच झुडपासमोर घड्याळ लावून बसायचं.

येऊरला विविधता भरपूर. एकदांडीच्या फुलावर गांधीलमाशीचं सोंग घेतलेला पट्टेरी पतंग दिसला की दिवस सार्थकी. पण चालताना आपण दिसलेलंच टिपतो. ज्या फुलाकडे कोणी फिरकलं नाही, ते नोंदीत येतच नाही. फुलाची नोंद वेगळी करावी लागते, तिचाही आळस होतो. (माझ्या निम्म्या फोटोंत फूल कापलंच गेलंय.)

बसून मोजायची पद्धत ब्रिटनमध्ये रुळलेली आहे: ५० बाय ५० सेंटिमीटरचा चौकोन, १० मिनिटं, फुलं मोजा, येणारे कीटक मोजा. कोणी आलं नाही तर शून्य लिहा. ते शून्यच मला जास्त मोलाचं वाटतं.

आमच्या कुंडीतल्या एक्झोऱ्याच्या फुलांवर सेफोनोडिस हा पारदर्शक पंखांचा पतंग येतो. बसत नाही, हवेत थरथरत सोंड खुपसतो आणि पुढच्या फुलाकडे. कोषातून निघतो तेव्हा त्याच्या पंखांवर खवले असतात, पहिल्या उड्डाणातच झडतात. त्याच्या अळ्या शेजारच्या अनंताची पानं फस्त करतात; त्या मरू नयेत म्हणून फवारणी बंद. बायको अजून कुरकुरते.

जातींची यादी वाढवायची तर येऊरच. कोण, कुठल्या फुलावर, किती वेळा हे हवं असेल तर मात्र कुंडी, रोज चहाच्या वेळी.