संगणक वाचवण्यासाठी मी मोजलेले ८,८५० रुपये

सांगलीच्या गावभागात आमचे घर आहे आणि ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी आमच्या तळमजल्यावर छातीएवढे चढले होते. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी मानली जाते. त्या वर्षी पाण्याने ५७ फूट ओलांडले. कपाटातले अल्बम त्या पाण्यात गेले. आई-वडिलांचे, आमच्या लग्नातले आणि मुलींच्या लहानपणीचे जे फोटो सोडवून वाळवता आले, ते मी पुढची दोन वर्षे बसून स्कॅन केले आणि घरच्या संगणकात ठेवले. ही गोष्ट आधी सांगतो, कारण ज्यांनी मला फसवले त्यांनी माझ्या नेमक्या याच धास्तीवर हात ठेवला.

मी एका सरकारी कार्यालयाच्या लेखा शाखेतून निवृत्त झालो. पावती, व्हाउचर आणि ताळमेळ यांत नोकरीची सगळी वर्षे गेली. असा माणूस फसू शकतो हे लोकांना कळावे म्हणून घडलेला प्रकार क्रमाने लिहीत आहे.

आमच्या गल्लीतल्या मंडळाची जुनी इतिवृत्ते एका जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली होती आणि नव्या संगणकावर ती उघडली की नुसती अगम्य चिन्हे दिसत. ती युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणण्यासाठी मी इंटरनेटवर फॉन्ट बदलून देणारे मोफत साधन शोधत होतो. सापडलेल्या एका पानावर ‘डाउनलोड’ असे लिहिलेली तीन-चार मोठी हिरवी बटणे होती आणि त्यांच्या वर एक चौकट होती, की तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी ‘अलाउ’ दाबा. मी ते दाबले. साधन काही मिळाले नाही, म्हणून पान बंद केले आणि विसरूनही गेलो.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात पाच व्हायरस आढळले’ अशा सूचना येऊ लागल्या. एका सकाळी त्यातल्या एका सूचनेवर मी बोट दाबले आणि संपूर्ण पडदा लाल झाला. भोंग्यासारखा आवाज सुरू झाला, एक बाई इंग्रजीतून तेच तेच वाक्य बजावू लागली, आणि मजकूर असा होता की संगणकात स्पायवेअर शिरले आहे, बँकेची माहिती व फोटो चोरले जात आहेत, संगणक बंद केल्यास चोवीस तासांत सर्व फाइली नष्ट होतील, तरी खालील क्रमांकावर त्वरित संपर्क साधावा. वर विंडोज बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्ट कंपनीचे चार रंगी चौकोनांचे चिन्ह होते. खिडकी बंद करण्याची फुली कुठेच दिसत नव्हती. सौभाग्यवती स्वयंपाकघरातून धावत आली आणि तिने पहिला प्रश्न विचारला तो फोटोंचाच.

मी फोन लावला. पलीकडचा तरुण हिंदीत, अतिशय अदबीने बोलत होता. त्याने मला एक छोटे सॉफ्टवेअर उतरवून घ्यायला लावले, त्यातला नऊ आकडी क्रमांक विचारून घेतला आणि पुढच्या क्षणी माझ्या पडद्यावरचा बाण त्याच्या हाताने फिरू लागला. दुरून संगणक हाताळण्याची अशी साधने मुळात कार्यालयांच्या सोयीसाठी आहेत आणि त्यांत गैर काही नाही. मात्र तो क्रमांक सांगणे म्हणजे अनोळखी माणसाला घराची किल्ली देऊन आपण दाराशी उभे राहणे होय, हे मला तेव्हा उमगले नाही.

विश्वास बसावा म्हणून त्याने दोन गोष्टी दाखवल्या. त्या मी मुद्दाम तपशिलाने लिहितो, कारण माझी शंका त्यांनीच मिटवली होती. पहिल्यांदा त्याने एक काळी खिडकी उघडून त्यात एक आज्ञा टाइप केली. भराभर ओळी सरकल्या आणि शेवटाकडे ८८८डीसीए६० अशी सुरुवात असलेला एक लांबलचक क्रमांक दिसू लागला. ‘हा तुमच्या संगणकाचा गुप्त परवाना क्रमांक आहे, मी वाचतो, तुम्ही पडद्यावर ताडून पाहा,’ असे म्हणून त्याने तो बरोबर वाचून दाखवला. खुद्द कंपनीच्या माणसाशिवाय हा क्रमांक कोणाला माहीत असणार, असे मला वाटले. वास्तविक तो क्रमांक विंडोज असलेल्या प्रत्येक संगणकात तोच असतो. फाइल दाबून लहान करण्याच्या एका सोयीशी तो जोडलेला आहे आणि परवान्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. दुसऱ्यांदा त्याने ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नावाची नोंदवही उघडली. तिच्यात लाल आणि पिवळ्या खुणांच्या शेकडो नोंदी होत्या. ‘हे सगळे व्हायरसचे हल्ले,’ असे तो म्हणाला. ती संगणकाची रोजकीर्द आहे. एखादी सेवा दोन सेकंद उशिरा सुरू झाली तरी तिच्यात इशारा नोंदवला जातो, आणि पूर्ण निरोगी संगणकातही अशा नोंदी असतातच.

पाच वर्षांच्या संरक्षणासाठी त्याने ७,५०० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, असे एकूण ८,८५० रुपये सांगितले. मी क्यूआर कोड स्कॅन केला. पैसे देण्याआधी मोबाइलवर जे नाव दिसले ते कंपनीचे नव्हते, एका व्यक्तीचे होते. हे मी पाहिले, त्याला विचारलेही. ‘ते आमचे अधिकृत वितरक आहेत,’ या उत्तरावर मी समाधान मानले. ई-मेलने जीएसटी क्रमांकासह रीतसर बिल आले, ते मी छापून फाइलला लावले. जीएसटी क्रमांक कोणाचा आहे हे जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर कोणालाही विनामूल्य पाहता येते, पण ते मी पाहिले नाही. नंतर पाहिले तेव्हा त्या नावाची नोंदच नव्हती.

पुढचे तीन महिने काही घडले नाही. संगणक थोडा मंद झाला होता, परंतु कोपऱ्यातल्या सूचना थांबल्या होत्या आणि पैसे सार्थकी लागले असे आम्ही मानत होतो. मग एके दुपारी त्यांचाच फोन आला की कंपनी भारतातला व्यवसाय बंद करत आहे, उरलेल्या मुदतीचे ५,००० रुपये परत करायचे आहेत, तरी नेट बँकिंग उघडावे. मी ते उघडले. पडदा काही वेळ काळा झाला आणि परत आला तेव्हा खात्यात ५०,००० रुपये जमा झालेले दिसत होते. पलीकडचा माणूस रडकुंडीला आला. चुकून एक शून्य जास्त पडले, नोकरी जाईल, लहान मुले आहेत, वरचे ४५,००० रुपये कृपा करून या खात्यावर पाठवा, असे तो विनवू लागला. दुसऱ्याचे पैसे आपल्याकडे राहू नयेत या भावनेने मी ती रक्कम ताबडतोब पाठवली. मोबाइलवर बँकेचा संदेश आला तेव्हा त्यातली शिल्लक ४५,००० ने कमी होती आणि ५०,००० जमा झाल्याचा संदेश मात्र आलाच नव्हता. खात्यात काहीही जमा झालेले नव्हते. ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानावरचे आकडे आपल्या पडद्यापुरते बदलता येतात, आणि पडदा काळा असताना त्यांनी तेवढेच केले होते.

मिरजेला एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत काम करणाऱ्या भाच्याला मी फोन केला. ‘मामा, आधी इंटरनेटची वायर काढा, मग मोबाइलवरून १९३० ला फोन लावा, बाकीचे मी आल्यावर बोलू,’ एवढेच तो म्हणाला. १९३० हा सायबर आर्थिक फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरवून काढले जाण्यापूर्वी ते जिथे असतील तिथे रोखले जावेत, यासाठी हा क्रमांक आहे, म्हणून त्यात मिनिटांना किंमत असते. माझी तक्रार पाऊण तासात नोंदली गेली आणि ३१,००० रुपये पुढच्या बँकेत अडवले गेले. १४,००० तोवर निघून गेले होते. अडवलेली रक्कम न्यायालयात अर्ज केल्यावर काही महिन्यांनी परत मिळाली. बँकेकडे भरपाई मागण्याचा विचार मी केला होता; परंतु रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातले संरक्षण ग्राहकाने न केलेल्या व्यवहारांसाठी होते आणि हा व्यवहार मी स्वतःच्या हाताने केला होता.

रात्री भाचा आला. त्याने संगणक उघडून जे दाखवले त्याचे मला गेलेल्या पैशांपेक्षा अधिक दुःख झाले. विंडोजमध्ये २०१२ च्या आठव्या आवृत्तीपासून अँटीव्हायरस मुळातच समाविष्ट असतो. त्याला डिफेंडर म्हणतात, त्यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत आणि तो अद्ययावतही आपोआप होतो. म्हणजे मी ज्या वस्तूसाठी ८,८५० रुपये भरले ती पहिल्या दिवसापासून माझ्या यंत्रात होती. त्या माणसाने ‘संरक्षण बसवतो’ म्हणून जे केले ते असे: डिफेंडरच्या सेटिंगमध्ये ‘एक्सक्लुजन’ नावाची एक यादी असते, ज्यातल्या जागा तपासणीतून वगळल्या जातात. तिथे त्याने संपूर्ण सी ड्राइव्ह, म्हणजे विंडोज ज्यात असते तो डिस्कचा मुख्य भाग, टाकून ठेवला होता. पहारेकरी दारात उभा, पण घराकडे पाहायचे नाही असा त्याला हुकूम. दुरून हाताळण्याचे सॉफ्टवेअरही त्याने अशा रीतीने बसवले होते की मी परवानगी न देता त्याला केव्हाही आत येता यावे. ‘बदल करू द्यायचे का’ असे संगणकाने प्रत्येक वेळी विचारले होते आणि त्याच्या सांगण्यावरून प्रत्येक वेळी मीच ‘होय’ दाबले होते. पाच वर्षांचे म्हणून जे संरक्षण बसवले होते, ती नुसती एक हिरवी खूण दाखवणारी खिडकी होती.

भाच्याने ती यादी रिकामी केली, दोन्ही सॉफ्टवेअर काढली आणि डिफेंडरची ‘ऑफलाइन’ तपासणी लावली. यात संगणक पुन्हा सुरू होतो आणि विंडोज चालू होण्याआधीच साधारण पंधरा मिनिटे शोध घेतला जातो, त्यामुळे लपून बसलेल्या प्रोग्रामला आडवे येता येत नाही. कळफलकावर दाबलेली अक्षरे टिपून बाहेर पाठवणारे एक स्पायवेअर त्यात सापडले. मग दुसऱ्या मताखातर त्याने मालवेअरबाइट्स या दुसऱ्या तपासणी-सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती चालवली. ती पैसे भरण्याचा आग्रह करते, पण न भरताही तपासून साफ करून देते. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेचे सायबर स्वच्छता केंद्र २१ फेब्रुवारी २०१७ पासून सुरू आहे आणि तिथेही अशी सफाईची साधने नागरिकांना विनामूल्य मिळतात, हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळले. एवढे करूनही त्याचे समाधान झाले नाही. अनोळखी माणूस तीन महिने आत वावरला असेल तर केवळ झाडू मारून भागत नाही, असे त्याचे मत पडले. फोटो एका वेगळ्या डिस्कवर काढून, ती डिस्क तपासून, त्याने विंडोज पुन्हा कोरे बसवले. त्यासाठी लागणारे साधनही मायक्रोसॉफ्ट फुकट देते आणि संगणकाचा मूळ परवाना कायम राहतो. सर्व पासवर्ड मी मोबाइलवरून बदलले. संशयित संगणकावर बसून नवा पासवर्ड टाइप केला, तर तोही चोरालाच सांगितल्यासारखे होते.

त्या लाल पडद्याविषयी विचारले तेव्हा भाच्याने ब्राउझरच्या सेटिंगमधली नोटिफिकेशनची, म्हणजे कोपऱ्यात सूचना दाखवण्याची परवानगी असलेल्या पानांची, यादी उघडली. फॉन्टच्या शोधात ज्या पानावर मी ‘अलाउ’ दाबले होते, ते तिथे परवानगी मिळालेल्यांत बसलेले होते. संगणकात तोपर्यंत एकही व्हायरस नव्हता. ती एक जाहिरात होती आणि तिला दार मी उघडून दिले होते. खरा स्पायवेअर ज्याला मी मदतीला बोलावले त्यानेच आणून बसवला. तसा लाल पडदा आला तर फोन करू नये. एस्केप कळ दाबून धरावी, तेवढ्याने सुटले नाही तर कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून (चालू प्रोग्रामांच्या यादीतून) ब्राउझर बंद करावा, आणि पुन्हा उघडताना जुनी पाने परत आणू का असे विचारल्यास नको म्हणावे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन क्रमांक कधीच नसतो. ही एक गोष्ट मला आधी ठाऊक असती तर पुढचे सारे टळले असते.

आता आमच्याकडे रोजच्या कामासाठी वेगळे साधे खाते आहे, ज्यातून पासवर्ड दिल्याशिवाय बहुतेक सॉफ्टवेअर बसत नाही. ब्राउझरमध्ये यूब्लॉक ओरिजिन हा मोफत जाहिरातरोधक आहे, त्यामुळे खोटी हिरवी बटणे बहुतेक दिसतच नाहीत. विंडोजचे अपडेट मी पूर्वी कंटाळून पुढे ढकलत असे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या ज्या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभरातले संगणक बंद पाडले, त्याला अडवणारे अपडेट दोन महिने आधीच, मार्चमध्ये, मोफत आलेले होते, हे भाच्याने सांगितल्यापासून मी ती चालढकल सोडली आहे. विंडोज १० ला नियमित मोफत अपडेट मिळणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले असल्यामुळे जुने संगणक वापरणाऱ्यांनी तिकडे विशेष लक्ष द्यावे. मराठी टाइप करण्यासाठी तर काहीच उतरवून घ्यावे लागत नाही, फोनेटिक मराठी कळफलक २०१९ च्या अपडेटपासून विंडोजमध्येच आहे. फोटोंच्या दोन प्रती आहेत. एक डिस्क कपाटात असते आणि दुसरी विश्रामबागेत मुलीकडे, जिथे पुराचे पाणी पोहोचत नाही. प्रत काढून झाली की डिस्क संगणकाला जोडून ठेवायची नाही, हा नियम सौभाग्यवती माझ्यापेक्षा काटेकोरपणे पाळते.

गेल्या रविवारी शेजारच्या आजोबांनी त्यांच्या संगणकावर कोपऱ्यात काहीतरी सतत उगवते म्हणून मला बोलावले. नोटिफिकेशनची यादी उघडली तर तिच्यात अकरा अनोळखी पत्ते होते. ते काढायला दोन मिनिटे लागली. त्यांनी टेबलावरच्या वहीत एक फोन क्रमांक लिहून ठेवला होता आणि दुपारी तो लावणार होते. तो कागद त्यांनी माझ्यासमोर फाडला.