सीटखालची पेटी: उन्हाळा काढून झाल्यावरचा अनुभव

मागच्या दिवाळीत गाडीच्या ड्रायव्हर सीटखाली बसेल अशी लोखंडी पेटी घेतली. तीन आकड्यांचं कुलूप, सोबत वायररोप, आतून फोम. दोन हजारांच्या आत पडली. तेव्हा वाचलेले सगळे अभिप्राय पेटी हातात पडल्या दिवशीचे होते, नुसतं रंगाचं आणि पॅकिंगचं कौतुक. आता हिवाळा गेला, मे गेला, निम्मा पावसाळाही निघाला, तेव्हा वापरलेल्या माणसाने चार शब्द लिहावेत म्हटलं.

घेण्याचं कारण पाण्याचं. आम्ही अमळनेरचे. उनपदेवच्या गरम झऱ्यावर, प्रकाशाला तापी-गोमाईच्या संगमावर, नाहीतर शेतातल्या टाकीत आंघोळ ठरलेली. तिथे प्रश्न एकच, चावी ठेवायची कुठे? चाकावर, पेट्रोलच्या झाकणाआड, जवळच्या दगडाखाली. या जागा चोराला आपल्या आधी पाठ असतात. मॅग्नेटवाली डबीही वापरून झाली. ती हल्लीच्या प्लास्टिक बंपरला धरतच नाही, खालच्या लोखंडाला धरते. संगमावर काढली तर मॅग्नेटला काळ्या वाळूची दाट लव उगवलेली. आपल्या काळ्या खडकातलं लोह वाळूत असतं, ते सगळं येऊन चिकटतं, मग डबी नीट बसत नाही आणि पहिल्या गचक्याला पडते.

पेटी बसवायला गॅरेजवर गेलो तर मिस्तरी म्हणाला, "गाडीमा तिजोरी बसाडी, मंग घरमा काय ठेवस भाऊ?" हसून झालं, पण काम त्याने शहाणपणाने केलं. सीटचे बोल्ट खोलून पेटी कसायची माझी कल्पना त्याने मोडीत काढली. सीटखाली पिवळं कनेक्टर दिसलं की ती एअरबॅगची वायर, तिथे पाना चालवायचा नाही. वायररोप सीटच्या फ्रेममधून फिरवून पेटीला अडकवला, आणि सीट मागे-पुढे सरकवून कुठे घासत नाही ना ते पाहिलं.

आता मजबुतीचं. मोठा कटर असेल तर वायररोप एका दाबात तुटेल. पत्रा टॉमीने वाकेल. तीन आकडे म्हणजे फक्त 1000 जुळण्या, रिकामटेकड्याला दुपारभराचं काम. तरी मला पेटी पटली, कारण पार्किंगमधला चोर बहुतेक वेळा काच फोडून दिसेल ती बॅग उचलतो आणि पसार होतो. त्याला खाली वाकून झटापट करायला वेळ नसतो. त्यामुळे पेटीपेक्षा सवय जास्त कामाची: वस्तू मुक्कामी पोचायच्या आधी, रस्त्यातच पेटीत टाकायच्या. सारंगखेड्याच्या यात्रेत मोकळ्या वावरात गाड्या लागतात, तिथे आजूबाजूला नुसतेच उभे असलेले लोक असतात. त्यांच्यासमोर तुम्ही सीटखाली हात घातलात की पेटीचा पत्ता तुम्हीच सांगितलात.

चावीचा भाग नीट वाचा, कारण पेटी विकणारे हे सांगत नाहीत. माझ्या गाडीची चावी जुन्या धाटणीची, मुठीत चिप असलेली. ती चिप जवळ नसेल तर इंजिन चालू राहत नाही, पण दार उघडायला चिप लागत नाही. म्हणून बाजारात चावीवाल्याकडून बिनचिपची साधी चावी कापून घेतली. पाण्यात उतरताना चिपवाली पेटीत, दार साध्या चावीने बंद, आणि ती साधी चावी करदोड्याला. भिजली तरी बिघडत नाही. पडली आणि कुणाला सापडली, तरी तो दार उघडेल, गाडी नेऊ शकणार नाही.

दाजींच्या बटण-स्टार्ट गाडीत हे जमेना. त्यांची स्मार्ट चावी पेटीत ठेवून दार लावलं की गाडी पीं-पीं करत बसायची. कसंबसं लॉक केलं तर हँडलवरचं बटण दाबताच दार परत उघडलं. लोखंडी पेटी सिग्नल अडवेल असं आम्ही धरून चाललो होतो, पण झाकणाच्या फटीतून तो आरामात बाहेर येतो. अॅल्युमिनियम फॉइलमध्ये घट्ट गुंडाळल्यावर बंद झाला, फक्त फॉइल दोन-चार वेळांतच फाटतं. शेवटी चावीतला गोल सेलच काढायचं ठरलं. चावीच्या पोटात लोखंडी पातं असतं, ते काढून घ्यायचं, त्यानेच दार लावायचं आणि त्यानेच उघडायचं. रिमोटने लॉक करून पात्याने उघडलं तर पुष्कळ गाड्यांचा सायरन बोंबलतो, म्हणून दोन्ही वेळा पातंच. एक ध्यानात असू द्या: सेल काढलेली चावीही स्टार्ट बटणाला टेकवली की पुष्कळ गाड्या चालू होतात. म्हणजे ती मेलेली नाही, कुलपात राहायलाच हवी.

आणि हे सगळं आंघोळ होईपर्यंतच. जादा चावी कायमची पेटीत ठेवणं मला मान्य नाही. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते; त्यातली एक गाडीबरोबरच गेली असेल तर निष्काळजीपणाचा मुद्दा निघतो आणि क्लेम अडकतो. गाडीच्या साध्या विम्यात आतलं सामान येतच नाही. त्यासाठीचं जादा कव्हर घेतलं तरी रोकड आणि दागिने बहुतेक वेळा त्यातून वगळलेले असतात. त्यामुळे जळगावहून सोनं घेऊन निघालो तर ते बायकोच्या पर्समध्ये आणि पर्स तिच्या मांडीवर, पेटीचा विचारही नाही. आरसी बुकही घरी. डिजिलॉकर आणि एमपरिवहनमधले कागद 2018 पासून चालतात, मग मूळ कागद गाडीत ठेवून चोराची सोय कशाला?

खरी परीक्षा मे महिन्यात झाली. पारा 44-45 वर असताना उभ्या गाडीत आत काय भट्टी असते ते खान्देशात कुणाला सांगायला नको. सीटखाली थेट ऊन येत नाही, तरी दुपारी पेटीला हात लावल्यावर मागे घ्यावा लागतो. आतल्या फोमचा गोंद वितळला आणि चष्म्याच्या घराला चिकटला, तो डाग अजून आहे. फोम पूर्ण ओरबाडून काढला आणि जुन्या सतरंजीचा तुकडा घातला. उन्हाळ्यात पॉवर बँक, मोबाइल, सेंटची बाटली, आईचं इन्सुलिन यांतलं काहीही पेटीत जात नाही. चोरीपेक्षा उन्हाने नुकसान व्हायची शक्यता इथे जास्त.

धुळीने आकड्यांची चाकं जड झाली. तेल सोडू नका, त्यावर धूळ बसून चिखल होतो. पेन्सिलच्या शिशाची पूड फुंकली की चाकं मोकळी होतात.

अनपेक्षित फायदा लग्नसराईत झाला. मंगल कार्यालयात "गाडी जरा बाजूला घ्या" म्हणत कुणीतरी पोरगा चावी मागतो, सर्व्हिसिंगला गाडी दिवसभर परक्या हातात असते. तेव्हा अहेराची पाकिटं असोत की घराच्या चाव्या, आकडा आपल्याकडेच राहतो.

तक्रार एकच मोठी. नंबर बदलायचा खटका झाकणाच्या आतल्या बाजूला, अगदी उघडा आहे. पेटी ठासून भरली आणि एखादी वस्तू त्याला अडली, तर चाकं फिरवताना नंबर परस्पर बदलतो आणि पुढच्या वेळी पेटी आपल्यालाच उघडत नाही. मी त्यावर वायरिंगची काळी टेप मारली आहे. दाजींना घ्यायची आहे, त्यांना चार आकड्यांची आणि खटका आत बुजवलेली पाहायला सांगितलंय.