अपोलोच्या कॉकपिटचे खटके: कागदाचे की तारेचे?

अपोलो चांद्रयानाच्या कमांड मॉड्यूलचं, म्हणजे अंतराळवीर बसायचे त्या भागाचं, मुख्य पॅनेल 1:12 प्रमाणातल्या कागदी मॉडेलसाठी करताना खरा कस लागतो तो खटक्यांत. दांडी जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची.

कागदी दांडीसाठी 160 जीएसएमच्या (चौरस मीटरला 160 ग्रॅम वजनाच्या) कागदाची अर्धा मिलिमीटर रुंद पट्टी कापा, तिला सुपरग्लू पाजा आणि वाळल्यावरच तुकडे करा. ओली कापली तर टोकं पिंजतात. कडेचा पांढरा गाभा राखाडी जलरंगाने झाका. खटक्याला चुकून धक्का लागू नये म्हणून त्याच्या दोन बाजूंना असणाऱ्या संरक्षक कड्यांना मात्र कागद नीट वळत नाही.

0.3 मिलिमीटरची तांब्याची तार इथे सरस. सुईने भोकं पाडायची ती पॅनेल शीटमधून कापण्याआधी, खाली फोम ठेवून, छापील बाजूने. म्हणजे उठलेली कड मागे जाते. तारेवर फेव्हिकॉल धरत नाही, सुपरग्लू लागतो, तोही मागूनच आणि टाचणीच्या टोकाएवढा. जास्त झाला की कागदात झिरपून छपाईवर काळपट डाग उमटतो, आणि तो जात नाही.

आमचा कौल खटके आणि कड्यांसाठी तारेला. संगणकाच्या कीपॅडची 19 बटणं मात्र कागदाचीच करा: चपट्या चौकोनांसाठी दोन थर पुरतात.