टेंडर आधी की प्लांट आधी?

आमच्या भाच्याने यंदा कलाभवनातून, म्हणजे बडोदा विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, केमिकल इंजिनिअरिंग केलं. हातात दोन नोकऱ्या आहेत, दोन्ही समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या व्यवसायातल्या. एक खंभातच्या आखातावरच्या दहेजला, प्लांटवर शिफ्ट इंजिनिअरची. दुसरी इथेच बडोद्यात, टेंडर विभागात, म्हणजे प्लांटच्या कामांसाठी दर काढून बोली लावायची. पुढे कंपनी चालवायची त्याची इच्छा आहे. दांडिया बाजारातलं सगळं घर म्हणतं, बडोद्यातली घे. या धंद्यात मी वीस वर्षं काढली, दोन्हीकडे काम केलं. माझं मत वेगळं आहे.

टेंडरचे फायदे खरे आहेत. संध्याकाळी घरी, साहेबांशी रोज गाठ, आणि पैशाचं गणित लवकर कळतं. चेन्नईजवळचा मिंजूरचा प्लांट २०१० साली सुरू झाला: रोज १० कोटी लिटर, २५ वर्षांचा करार, हजार लिटरला ४८.६६ रुपये दर. समुद्राचं पाणी दाबाने मेम्ब्रेनमधून, म्हणजे अतिबारीक पडद्यातून, ढकलून गोडं करायच्या आरओ पद्धतीला हजार लिटरमागे साधारण ३ ते ४ युनिट वीज लागते. एवढ्या मोठ्या प्लांटवर अर्ध्या युनिटचा अंदाज चुकला तर रोज ५० हजार युनिट जास्त जळतात. हा हिशेब पंचविशीत हाती आला तर माणूस झपाट्याने वर चढतो.

पण त्या आकड्यामागचं पाणी टेंडरच्या टेबलावर दिसत नाही. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा जोर प्रचंड, त्यामुळे पाणी कायम गाळाने गढूळ. मेम्ब्रेन मीठ अडवते. गाळ मात्र तिचा जीव घेतो. म्हणून खरी लढाई प्रीट्रीटमेंटमध्ये, म्हणजे मेम्ब्रेनआधी पाणी स्वच्छ करण्यात, असते. मेम्ब्रेनला जाणाऱ्या पाण्याचा एसडीआय (पाणी मेम्ब्रेन किती तुंबवेल याचं माप) ३च्या आत ठेवायची धडपड, ६० बार दाबाच्या आसपास चालणारे पंप, दाब चढू लागला की सीआयपी (मेम्ब्रेनची जागेवरच रसायनांनी धुलाई) कधी लावायचा याचा निर्णय, तोही रात्री दोन वाजता. २००८-०९ मध्ये आखाती देशांच्या समुद्रात सूक्ष्म शेवाळाचा लाल थर पसरला आणि कित्येक प्लांट बंद ठेवावे लागले. त्यानंतर तिकडच्या नव्या प्लांटमध्ये हवेच्या बुडबुड्यांनी शेवाळ तरंगवून काढण्याची सोय बरीच दिसू लागली.

मी उलट क्रमाने गेलो, आधी टेंडर. एका किनाऱ्याच्या पाण्याची प्रीट्रीटमेंट मी दुसऱ्या किनाऱ्यासाठी धरली. फिल्टर वारंवार तुंबले आणि त्याची किंमत शिफ्टवरच्या मुलांनी मोजली. ते मला आजही बोचतं.

संशोधनाची ओढ असेल तर भावनगरची मीठ संशोधन संस्था आहे, पण ती वाट व्यवस्थापनाच्या खुर्चीकडे जात नाही. वाफेवर चालणाऱ्या जुन्या पद्धतीत मात्र आज नव्याने शिरू नये. मोठी नवी कामं बहुतेक आरओची निघतात.

तेव्हा दहेज घ्यावं, किमान तीन वर्षं. मुलाखतीत विचारावं: एसडीआयची चाचणी शिफ्ट इंजिनिअर स्वतः करतो का? सीआयपीचा निर्णय कोणाचा? आई-वडिलांच्या तब्येतीमुळे बडोदं सोडणं शक्य नसेल तर टेंडरची नोकरी जरूर घ्यावी, पण दरवर्षी दोन महिने प्लांटवर, शक्यतो कमिशनिंगच्या, म्हणजे नवा प्लांट सुरू करण्याच्या, काळात, पाठवण्याची अट नेमणूकपत्रात लिहून घ्यावी. तोंडी कबुलीवर राहू नये.